एकाच वेळी म्हातारी झालेली उपनगरं

‘सबर्ब’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंग्लिश पिक्चरमधलं एक ठरावीक घर येतं. पुढे लॉन, बाजूला गॅरेज, गॅरेजात दोन गाड्या. गरिबी, गर्दी आणि गुन्हेगारी शहरात. शांतता आणि पैसा उपनगरात, असं आपलं साधं गणित असतं. जीआरईची पुस्तकं घेऊन बसलेल्या फायनल इयरच्या मंडळींचंही तेच.

हे गणित केव्हाच चुकलं आहे. या शतकाच्या पहिल्या दशकातच अमेरिकेतल्या मोठ्या महानगरांमध्ये उपनगरांत राहणाऱ्या गरिबांची संख्या मूळ शहरांतल्या गरिबांपेक्षा जास्त झाली. त्यातही जास्त मार बसला तो शहराला अगदी चिकटून असलेल्या, पहिल्या कड्यातल्या जुन्या उपनगरांना.

टाऊन प्लॅनिंगच्या सेमिनारला मी हा विषय घेतला होता. सेमिनार संपल्यावर एका मित्राने विचारलं, “म्हणजे वाईट लोक राहायला आले आणि एरिया बिघडला, एवढंच ना?” पाच मिनिटांत उत्तर देणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. उदाहरण एकच घेतो, म्हणजे नीट बघता येईल: अमेरिकेच्या मिसुरी राज्यातलं, सेंट लुइस शहराजवळचं फर्ग्युसन. (आपल्या पुण्याच्या कॉलेजचा याच्याशी काही संबंध नाही!)

कडं कसं तयार झालं

सेंट लुइस शहराने १८७६ साली आपल्या भोवतालच्या काउंटीपासून फारकत घेतली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. ‘ग्रामीण भागाचा खर्च आम्ही का करायचा’ असा तेव्हाच्या शहरवासीयांचा विचार. शहराची हद्द त्या दिवशी जी गोठली ती कायमची, सुमारे १६० चौरस किलोमीटरवर. नंतर शहराबाहेर जे काही वाढलं ते सगळं काउंटीत, आणि तिथे प्रत्येक छोट्या वस्तीने आपली वेगळी नगरपालिका काढली. २०१४ साली सेंट लुइस काउंटीत अशा सुमारे ९० नगरपालिका होत्या. काहींची लोकसंख्या हजारसुद्धा नव्हती!

फर्ग्युसन हे मुळात रेल्वे स्टेशनभोवती वाढलेलं गाव. १९५० साली तिथे सुमारे ११,५०० लोक होते, १९६० साली सुमारे २२,०००. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. युद्धावरून परतलेले सैनिक, सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं, मोटारी आणि १९५६ च्या कायद्यानंतर झालेले हायवे यांच्या जोरावर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. जवळच विमानतळ, विमानांचे आणि मोटारींचे कारखाने, गावातच एमर्सन इलेक्ट्रिकचं मुख्यालय. कामगाराला नोकरीही जवळ आणि घरही जवळ.

बाथटब कर्व्ह

इथून पुढचा भाग खास आपल्यासाठी. रिलायबिलिटी शिकलेल्यांना बाथटब कर्व्ह माहीत आहे. वस्तू नवी असताना थोडे दोष निघतात, मग बराच काळ ती शांतपणे चालते आणि आयुष्याच्या शेवटी बिघाड एकदम वाढतात. आपल्या हॉस्टेलचंच बघा. एकाच वर्षी बसवलेले गीझर एकाच थंडीत एकामागून एक बंद पडतात. त्यात गीझरचाही दोष नाही आणि आंघोळ करणाऱ्यांचाही.

जुनं शहर शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू बांधलं जातं. त्यामुळे त्याची दुरुस्तीही हप्त्याहप्त्याने येते. एका दशकात बांधलेलं उपनगर मात्र एकाच दशकात म्हातारं होतं. छपरं, फर्नेस, वायरिंग, रस्ते, फुटपाथ, सगळ्यांची बिलं साधारण एकदमच दारात येतात.

दुसरी अडचण घराच्या आकाराची. १९५० च्या सुमारास अमेरिकेत नवं घर सरासरी १,००० चौरस फुटांच्या आसपास असे. २००० नंतर ते २,२०० च्या वर गेलं. ज्याला परवडतं तो जुन्या छोट्या घरावर खर्च करत बसत नाही, नदीपलीकडे नवं मोठं घर घेतो. मिसुरी नदीपलीकडच्या सेंट चार्ल्स काउंटीची लोकसंख्या १९५० साली सुमारे ३०,००० होती. २०१० साली ती सुमारे ३,६०,००० झाली. याच काळात सेंट लुइस शहर ८,५६,७९६ वरून ३,१९,२९४ वर आलं. म्हणजे आधी शहर रिकामं झालं आणि मग पहिलं कडं. लोक फार वाढले नव्हते, फक्त बाहेर बाहेर सरकत होते, आणि हायवे त्यांना वाट करून देत होते.

कोणी कुठे राहायचं

हे सरकणं सगळ्यांना सारखं खुलं नव्हतं. १९३४ पासून सरकारी हमीची कर्जं कृष्णवर्णीयांच्या वस्तीला जवळजवळ मिळतच नसत. शिवाय घराच्या खरेदीखतातच ‘हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये’ अशी अट घातलेली असे. अशा अटी कोर्टाने अमलात आणू नयेत हा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा निकाल सेंट लुइसमधल्याच एका घरावरून लागला. घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरायला मात्र १९६८ उजाडलं.

फर्ग्युसनच्या शेजारी किनलॉक नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव आहे. दोन गावांमधला मुख्य रस्ता फर्ग्युसनने १९६० च्या दशकापर्यंत साखळी लावून अडवलेला होता. दुसरा एक रस्ता दिवसा उघडा ठेवत, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना यावं लागे! पुढे १९८० नंतर विमानतळाच्या आवाजाचं कारण देऊन किनलॉकमधली घरं विकत घेऊन पाडण्यात आली. १९६० साली साडेसहा हजार वस्तीचं हे गाव २०१० साली २९८ माणसांवर आलं. विस्थापितांपैकी बरेच जण आजूबाजूच्या उपनगरांत गेले, त्यात फर्ग्युसनही होतं. १९९० साली फर्ग्युसनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश लोक गोरे होते. २०१० साली दोन तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते.

माझ्या मित्राच्या प्रश्नाचा पहिला भाग इथे आहे. नवे लोक राहायला आले हे खरं. पण ते आले तेव्हा छपरं चाळीस वर्षांची झाली होती आणि नोकऱ्या निघाल्या होत्या. जवळच्या हेझलवुडचा फोर्डचा कारखाना २००६ साली बंद झाला. २००८ च्या मंदीत अनेकांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं, बँकांनी घरं ताब्यात घेतली, गुंतवणूकदारांनी स्वस्तात विकत घेऊन भाड्याने दिली. २००० साली पाच टक्क्यांच्या आत असलेली बेकारी २०१०-१२ च्या सुमारास १३ टक्क्यांवर गेली. गरिबांची संख्या दुप्पट झाली. दर चार माणसांमागे जवळपास एक जण दारिद्र्यरेषेखाली. थोडक्यात, गाडी जुनी झाल्यावर, वॉरंटी संपल्यावर ती यांच्या हातात दिली गेली.

तिजोरी रिकामी, मग दंड

अमेरिकेत नगरपालिकेला पैसा मुख्यतः घरपट्टी आणि विक्रीकर यांतून मिळतो. घरांच्या किमती पडल्या की घरपट्टी पडते, दुकानं गेली की विक्रीकर जातो. उत्तर काउंटीतला जेम्सटाउन मॉल १९७३ साली थाटात उघडला आणि २०१४ साली बंद पडला. पण रस्ता, दिवे, पोलीस यांचा खर्च माणसं गरीब झाली म्हणून कमी होत नाही.

फर्ग्युसनने मग काय केलं? दंडाची वसुली वाढवली. २०१० च्या आर्थिक वर्षात कोर्टाच्या दंड आणि फीमधून सुमारे १४ लाख डॉलर आले. २०१३ साली सुमारे २५ लाख. २०१५ च्या बजेटमध्ये तर सुमारे १ कोटी ३३ लाखांच्या उत्पन्नात ३१ लाख डॉलर दंडाचे धरलेले होते. गुन्हा होण्याआधीच त्याचं उत्पन्न बजेटमध्ये!

९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकल ब्राउन या १८ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाचा फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि गाव पेटलं. त्या अधिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही. पण ४ मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने फर्ग्युसनच्या पोलीस आणि कोर्ट व्यवस्थेवर जो अहवाल दिला, तो सिव्हिलच्या विद्यार्थ्यानेसुद्धा वाचावा असा आहे. वरचे आकडे त्यातलेच आहेत. आणखी काही सांगतो. रस्त्यातून ‘चुकीच्या पद्धतीने चालल्याबद्दल’ ३०२ डॉलर दंड. अंगणातलं गवत वाढलं म्हणून ५३१ डॉलर. लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ९३ टक्के. २०१४ च्या डिसेंबरात या कोर्टाची अटक वॉरंट १६,००० पेक्षा जास्त लोकांवर होती. गाव २१,००० चं! (वॉरंट असलेले बरेच जण बाहेरगावचे, हे खरं, पण आकडा पुरेसा बोलका आहे.)

एका बाईची हकिगत तर विसरता येत नाही. २००७ साली तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दंड १५१ डॉलर, वर फी. पैसे नव्हते, तारखा चुकल्या, फी वाढत गेली. सात वर्षांत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढले, ५५० डॉलर भरले. मध्ये तिने २५ आणि ५० डॉलर भरून बघितले, तर ‘पूर्ण रक्कम आणा’ म्हणून कोर्टाने परत केले. एवढं करून २०१४ अखेर देणं शिल्लक ५४१ डॉलर.

आता विचार करा. गावात चोऱ्या-मारामाऱ्या होत नव्हत्या असं मुळीच नाही. रिकामी घरं, बेकार तरुण आणि रात्री अंधारे रस्ते असले की गुन्हे होतात, आणि त्याचा पहिला त्रास तिथे राहणाऱ्या गरिबालाच होतो. पण ज्या पोलिसाने चोर पकडायचा तो पावत्या फाडत बसला, आणि ज्यांनी त्याला माहिती द्यायची ते त्याला बघून लपायला लागले, तर खरा गुन्हा कोण थांबवणार? वॉरंट निघालेल्या माणसाची नोकरी जाते. नोकरी गेली की घर जातं. घर रिकामं पडलं की शेजारच्या घराची किंमत पडते. की परत घरपट्टी कमी. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. सिस्टिम आपोआप सावरणार नाही, बाहेरून काहीतरी करावंच लागेल.

ड्रेनेज एक, तिजोऱ्या नव्वद

काय करता येईल याचं उत्तर सेंट लुइसच्या जमिनीखालीच आहे. सांडपाणी नगरपालिकेची हद्द ओळखत नाही. वरच्या गावाचा मैला खालच्या गावात येणारच. म्हणून १९५४ साली मतदान घेऊन शहर आणि काउंटीचा बहुतेक भाग मिळून एकच ड्रेनेज डिस्ट्रिक्ट केलं गेलं. पुढे २०१२ च्या सुमारास केंद्र सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार जुन्या ड्रेनेजच्या सुधारणेसाठी २३ वर्षांत ४.७ अब्ज डॉलरचं काम ठरलं. हा बोजा एकट्या फर्ग्युसनवर पडला असता तर? पण तो सगळ्यांत वाटला गेला.

म्हणजे गटारासाठी सगळे एक, पण करासाठी नव्वद! मिनियापोलिस-सेंट पॉल भागासाठी १९७१ साली वेगळा कायदा झाला. सात काउंटींमध्ये व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग एकत्र करायचा आणि गरजेप्रमाणे वाटायचा. मॉल कोणाच्याही हद्दीत उघडो, थोडा वाटा सगळ्यांना.

दुसरं उदाहरण शिकागोला लागूनच असलेल्या ओक पार्कचं. शेजारच्या वस्त्यांतून गोरे लोक घाबरून घरं विकत होते तेव्हा या गावाने १९६८ साली भेदभावाविरुद्ध स्वतःचा नियम केला. १९७२ साली तिथे सगळ्या वर्णांच्या भाडेकरूंना गावभर घरं दाखवणारं केंद्र निघालं. १९७८ पासून तर घराची किंमत पडली तर भरपाई देणारी विम्यासारखी योजनाही सुरू केली. ओक पार्कही जुनंच, पहिल्या कड्यातलंच. पण ते टिकलं. तेव्हा वय झालं म्हणजे पडझड होणारच, असं नाही.

सेंट लुइसमध्ये काही झालंच नाही असं नाही. २०१५ साली मिसुरी राज्याने वाहतुकीच्या दंडातून किती उत्पन्न घ्यावं याची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० वर आणली. सेंट लुइस काउंटीसाठी ती १२.५ टक्के होती, पण ही वेगळी मर्यादा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केली. शहर आणि काउंटी एकत्र करण्याचा मोठा प्रस्ताव २०१९ साली आला आणि त्याच वर्षी मागे घेतला गेला. १८७६ ची रेघ पुसणं सोपं नाही.

आपण काय घ्यायचं

मित्राला माझं उत्तर असं: एरिया माणसांमुळे ‘बिघडला’ म्हणणं म्हणजे पूल पडल्यावर शेवटच्या ट्रकला दोष देणं. लोड कोणी वाढवला, मेंटेनन्स कोणी केला नाही आणि दुरुस्तीचा पैसा कुठे गेला, हे आधी विचारावं लागतं.

आपल्यापैकी कोणी घरं बांधेल, कोणी रस्ते, कोणी नुसती सॉफ्टवेअर. एस्टिमेट करताना आपण बांधकामाचा खर्च पैशापर्यंत काढतो. त्याखाली अजून दोन ओळी लिहायची सवय लावून घेऊ या: हे सगळं एकदम जुनं कधी होईल, आणि त्या वर्षी इथे राहणाऱ्या माणसाकडे त्याचे पैसे असतील का?