अनोळखी दारी पैसे मोजण्यापूर्वी

सरकारी हुकूम निघाला आणि त्याला मुदत लागली, की ज्या माणसाने आयुष्यभर कचेरीच्या खिडकीशी उभे राहूनच आपली कामे उरकली, त्यालाही आज मोबाइल हाती घेऊन कोणत्या तरी संकेतस्थळाचा आश्रय करावा लागतो. आणि जेथे अशी असंख्य माणसे मुदतीच्या धास्तीने एकाच कामासाठी धाव घेतात, तेथे त्यांना मध्येच गाठून लुबाडणारेही तत्परतेने हजर होतात. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंद झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, जिला सारे जण एचएसआरपी म्हणतात, ती बसवणे महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने सक्तीचे केले, तेव्हा नेमके हेच घडले. बनावट संकेतस्थळे उभी राहिली, आणि त्यांपैकी एकाने केलेला घात मला फार जवळून पाहावा लागला. त्यातून जे उमगले ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आमच्या शेजारचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख आणि कागद पुरता वाचल्याविना सही न करणारे गृहस्थ. जुन्या स्कूटरची प्लेट बदलण्यासाठी त्यांनी मोबाइलवर शोध घेतला, जे नाव सर्वांत वर आले ते उघडले, गाडीचा क्रमांक, चासी व इंजिन यांच्या क्रमांकांतील अखेरचे पाच अंक, मोबाइल क्रमांक असा सारा तपशील भरला, आणि क्यूआर कोड स्कॅन करून 531 रुपये चुकते केले. दुचाकीसाठी ठरलेले 450 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांची बेरीज बरोबर तेवढीच होत असल्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. पुढे ‘सेंटरवरून बोलतोय’ असे सांगणाऱ्या एका अत्यंत अदबशीर माणसाचा फोन आला. तारीख पक्की करण्यासाठी म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल धाडली. नानांनी ती उघडून तो सांगेल त्या परवानग्या दिल्या. आणि दिवस मावळण्यापूर्वी त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून सुमारे 42,000 रुपये नाहीसे झाले.

“अहो, वर तीन सिंहांची मुद्रा होती हो! तुम्हीच बघा ना,” असे म्हणत नाना माझ्याकडे आले, तेव्हा ते संकेतस्थळ आम्ही दोघांनी माझ्या संगणकावर पुन्हा उघडले. मुद्रा खरोखरच होती. मंत्र्यांची छायाचित्रे होती, शुद्ध मराठी मजकूर होता, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची व्यवस्थित उत्तरे होती. यानंतर परिवहन विभागाचे खरे संकेतस्थळ उघडले आणि मी अधिकच विचारात पडलो. कारण राज्यातील आरटीओ कार्यालये तीन विभागांत वाटून प्रत्येक विभागासाठी एकेक खासगी कंपनी नेमलेली असल्यामुळे, आपल्या आरटीओचा क्रमांक निवडताच खरे सरकारी संकेतस्थळही आपल्याला त्या कंपनीच्या संकेतस्थळावर नेऊन सोडते, ज्याच्या नावात ‘जीओव्ही’ हे सरकारी चिन्ह नसते. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तुलना करणाऱ्यास खोटे अधिक सरकारी दिसावे आणि खरे काहीसे परके वाटावे, अशी ही स्थिती आहे.

यावरून माझे एक निश्चित मत झाले आहे. संकेतस्थळाची पारख त्याच्या रूपावरून करू नये. आपण तेथे कोणाच्या हवाल्याने पोचलो, यावरून करावी. नानांना तेथे पोचवले ते शोधयंत्राच्या यादीने, आणि त्या यादीतील पहिली जागा पुष्कळदा पैसे देऊन घेतलेली जाहिरात असते. तिच्यावर ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो, पण घाईत तो वाचतो कोण? उलट खात्याच्या ज्ञात पत्त्यावरून, म्हणजे ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावरून, जो कंपनीच्या संकेतस्थळावर जातो, त्याच्यासाठी त्या कंपनीची हमी खात्यानेच घेतलेली असते. बँकेचा पत्ता पासबुकावरून घ्यावा, वीजमंडळाचा बिलावरून घ्यावा, देवस्थानच्या भक्तनिवासाचा देवस्थानच्या छापील पावतीवरून घ्यावा. एसएमएसमधून, अग्रेषित निरोपातून किंवा जाहिरातीतून मात्र कधीही घेऊ नये.

पत्ता हाती आला तरी तो वाचण्याची एक रीत आहे. प्रारंभीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तेथे थांबावे आणि तेथून डावीकडे, म्हणजे उलट, वाचत जावे. कारण मालकी शेवटच्या शब्दांत असते. ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता राज्य सरकारचा आहे, आणि ‘जीओव्ही डॉट इन’ हे नाव सरकारी कार्यालयांवाचून अन्य कोणास मिळत नाही. पण ‘महाराष्ट्र-जीओव्ही-इन डॉट कॉम’ हा पत्ता, त्यात सरकारची सारी अक्षरे असूनही, काहीशे रुपये मोजणाऱ्या कोणाही इसमाच्या मालकीचा असू शकतो. इंग्रजीतील आर आणि एन ही अक्षरे जवळजवळ बसवून एम भासवणे, ओच्या जागी शून्य घालणे, हेही नित्याचे प्रकार आहेत. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एक मोठी सोय करून दिली आहे: 2025 सालच्या तिच्या आदेशानुसार बँकांनी ‘बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यावयाचे होते, आणि हे पत्ते हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था केवळ बँकांनाच देते.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबणाऱ्यांना तर आवर्जून सांगितले पाहिजे. लाखेची मोहोर पाकीट वाटेत कोणी फोडले नाही एवढेच सांगते, पाठवणारा सज्जन की दुर्जन हे सांगत नाही. तसेच हे कुलूप तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही एवढीच ग्वाही देते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज विनामूल्य आणि काही मिनिटांत मिळते, म्हणून ठगाच्या संकेतस्थळावरही ते हमखास असते. लोकांचा हा गैरसमज ओळखूनच क्रोम या ब्राउझरने 2023 साली ते चिन्ह आपल्या पट्टीवरून काढून टाकले. त्यापेक्षा संकेतस्थळाच्या नोंदणीची तारीख अधिक बोलकी. व्हूइज या नावाने चालणाऱ्या नोंदवह्यांत ती कोणालाही पाहता येते. नानांना फसवणाऱ्या संकेतस्थळाची नोंद आम्ही पाहिली, तर ती केवळ काही आठवड्यांपूर्वीची होती. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खात्याचा पत्ता असा कालपरवाचा कसा असेल?

अखेरची चौकी पैसे देण्याच्या क्षणी येते, आणि तेथेही मागे फिरता येते. यूपीआयने रक्कम पाठवण्यापूर्वी ज्याच्या खात्यात ती जाणार त्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर दिसते. खात्याच्या वा कंपनीच्या नावाऐवजी तेथे एखाद्या खासगी व्यक्तीचे नाव आले, तर तिथेच हात आवरावा. नानांच्या पावतीवर असेच एक नाव होते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही, आणि कोणतेही सरकारी खाते व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ने संपणारी फाइल धाडून ती बसवून घ्यायला सांगत नाही. अशी फाइल बसवली की तुमच्या मोबाइलवर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात, आणि नानांचे खाते रिते झाले ते याच मार्गाने.

एवढे करूनही घात झालाच, तर लाजेपायी एक घटकाही दवडू नये. फोन विमानस्थितीत टाकून त्याचे इंटरनेट तोडावे, दुसऱ्याच्या फोनवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवावा, बँकेस कळवून खाते आणि कार्ड थांबवावे, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथे रीतसर तक्रार नोंदवावी. पैसा ठगांच्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, आणि जेथवर तो पोचला तेथेच तो गोठवण्याची तजवीज या व्यवस्थेत आहे. म्हणून येथे तासांचे नव्हे, मिनिटांचे मोल आहे. नानांनी त्याच संध्याकाळी फोन केल्यामुळे त्यांच्या रकमेचा काही भाग मध्येच अडवला गेला. फसवणुकीचा दोष फसवणाऱ्याचा असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डीने दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या अशा ठकवणुकीस तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली आहे, हे ज्यांना स्वतःचीच लाज वाटते त्यांनी ध्यानी धरावे.

माझी विनंती मुख्यतः तरुणांना आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ‘तुम्हाला यातले कळत नाही’ असे म्हणून त्यांच्या हातून मोबाइल काढून घेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, बँक, पेन्शन, वीज, आरटीओ यांचे खरे पत्ते त्यांच्या मोबाइलमध्ये स्वतः जतन करून द्या, आणि 1930 हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. हे काम आज रात्रीच्या जेवणानंतरही होईल. ते उद्यावर टाकू नये.