फटफटीचा आवाज आणि तिची ताकद

गव्हाण-उलवे भागातून येणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : मोटारसायकलला ‘मोकळा’ सायलेन्सर आणि मोठा एअर फिल्टर बसवला, तर ताकद वाढते का? दुकानदार ‘हो’ म्हणतो आणि वडिलांचे काही हजार रुपये खर्ची पडतात. आपण उत्तर गणिताने शोधू.

रॉयल एन्फील्डची मीटिऑर 350 ही क्रूझर घ्या. तिचे एंजिन 349 घन सेंमी.चे, चार धावांचे. दर दोन फेऱ्यांत दट्ट्या एकदाच हवा ओढतो. मिनिटाला 3000 फेरे धरले, तर सेकंदाला 25 वेळा. म्हणजे जास्तीत जास्त 8.7 लिटर, वजनाने सुमारे 10 ग्रॅम हवा. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास 14.7 ग्रॅम हवा लागते. तेव्हा पेट्रोल लागेल सुमारे 0.7 ग्रॅम. ताकद वाढवायची, तर हवा आणि पेट्रोल दोन्ही याच प्रमाणात वाढले पाहिजे. नुसती हवा वाढली तर मिश्रण विरळ होते व एंजिन जास्त तापू शकते.

आता गंमत पाहा. गाडी नेहमीच्या वेगाने चालते, तेव्हा ॲक्सिलरेटर अर्धाही पिळलेला नसतो. हवेची वाट तेथील झडपेनेच अडवलेली असते! मग मागचा फिल्टर कितीही मोकळा असो, फरक जवळजवळ शून्य. नळ अर्धवट उघडून टाकीचा पाइप मोठा करण्यासारखेच हे.

निष्कासाची गोष्ट अधिक सुरस आहे. झडप उघडताच दाबाचा तरंग नळीतून धावतो. उघड्या टोकाशी तो परावर्तित होतो, पण उलटा होऊन : संपीडन गेले, विरलन परत आले. हे विरलन झडप मिटण्याआधी योग्य क्षणी पोचले, तर उरलेला जळका वायू ओढून काढते. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर. नळी 1 मीटर असेल, तर जाऊन येण्यास 4 मिलिसेकंद लागतात. 3000 फेऱ्यांना एवढ्या वेळात एंजिन 72 अंश फिरते, 6000 ला 144 अंश. म्हणजे एक लांबी एकाच वेगाला अनुकूल! वरच्या वेगाला कमावले ते खाली गमावले, असेही घडते. आणि क्रूझर तर बहुधा खालच्या वेगातच चालवायची असते.

राहिला आवाज. अर्ध्या मीटरवर 100 डेसिबल, म्हणजे दर चौरस मीटरला 0.01 वॉट. त्या अंतराच्या गोलाचे क्षेत्रफळ 3.14 चौरस मीटर. एकूण ध्वनिशक्ती 0.03 वॉट! एंजिनाची शक्ती 20 अश्वशक्ती, सुमारे 15,000 वॉट. गर्जनेवरून ताकद जोखणे किती फोल, ते यावरून कळेल. कानांना मात्र 0.03 वॉटही पुरून उरतो.

तरीही सायलेन्सर बदलायचाच असेल, तर आतले पडदे शाबूत असलेला घ्यावा. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांत निष्कासमार्गात उत्प्रेरक असतो. तो नेमका कोठे आहे हे पाहिल्याशिवाय नळीला हात लावू नये. ‘फटाका’ सायलेन्सर लावणारा 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दंडास पात्र ठरतो. आणि आपल्या भागात डंपरांची धूळ एवढी, की नव्या फिल्टरपेक्षा जुना वेळेवर बदलणे एंजिनाला अधिक मानवते.