इंग्रजी प्रश्नातला कर्ता
(बी. ए. भाग २)

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला धीर करून मी इंग्रजीत विचारले, ‘व्हॉट इज द रीझन्स ऑफ द रिव्होल्ट?’ विषय १८५७ च्या उठावाचा होता. मागच्या बाकांवर हशा पिकला. चूक काय झाली ते कळले नाही. मी खाली बसले आणि वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. एकोडीहून येणाऱ्या, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला असे मौन परवडत नाही. म्हणून ती चूक मुळापासून तपासली. ती माझ्या एकटीची नसावी, असे वाटल्यावरून हा लेख.

मराठीत क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे बदलते, तर कधी कर्माप्रमाणे. ‘सीता आंबा खाते’ हा कर्तरी प्रयोग. ‘सीतेने आंबा खाल्ला, सीतेने पोळी खाल्ली’ हा कर्मणी. इंग्रजीत क्रियापद कर्त्याचेच ऐकते. मात्र प्रश्नात हा कर्ता बहुधा सहायक क्रियापदाच्या मागे जाऊन बसतो. ‘व्हॉट’ आधी दिसला म्हणून मी त्यालाच कर्ता मानले आणि ‘इज’ लावले. खरा कर्ता पुढे होता, तोही अनेकवचनी. यावर सोपा उपाय असा : आधी उत्तराचे वाक्य मनात मांडावे. ‘द रीझन्स आर’ असे उत्तर येत असेल, तर प्रश्नातही ‘आर’ हवे.

‘कोण’ या शब्दाची गोष्ट निराळी. रोवणीला बऱ्याच बाया येणार असल्या, तर आपण ‘कोण कोण येणार?’ असे विचारतो. इंग्रजीत ‘हू’ स्वतः कर्ता असला की सामान्यतः एकवचनच येते : ‘हू इज कमिंग?’ पण ‘हू आर दे?’ यात कर्ता ‘दे’ आहे, म्हणून ‘आर’.

‘ती जाते का?’ या प्रश्नात ‘का’ बदलत नाही, सारा बदल ‘जाते’ उचलते. इंग्रजीत उलट आहे. तो भार ‘डज’ उचलतो आणि ‘गो’ मोकळा राहतो. ‘डज शी गोज?’ म्हणणे म्हणजे एकच ओझे दोघांच्या डोक्यावर देणे.

शब्दांची निवडही अशीच फसवते. आपला ‘किती’ तांदळालाही चालतो आणि पोत्यांनाही. इंग्रजीत तांदळाला ‘हाउ मच’ व ‘इज’, पोत्यांना ‘हाउ मेनी’ व ‘आर’. आपले ‘कारण’ही एकच; इंग्रजीत माणसाच्या निर्णयामागे बहुधा ‘रीझन’ असते आणि घटना घडवून आणते ते ‘कॉज’. माझ्या त्या एका प्रश्नात अशा दोन चुका होत्या; शिवाय घटना भूतकाळातली, हेही मी विसरले होते.

यंदा मी पुन्हा हात वर केला. ‘व्हॉट वेअर द कॉजेस ऑफ द रिव्होल्ट?’ कोणी हसले नाही. उत्तराला उरलेला तास पुरला नाही. मित्रमैत्रिणींनो, व्याकरण चुकले तर ते सुधारता येते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी देत नाही.