आधणाची भाकरी

माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. दोन्हीकडं सकाळ उजाडते ती परातीतल्या ज्वारीच्या पिठानं. रोटी म्हटलं की लोकांना कणीक, मैदा, यीस्ट आठवतं. पण अंगचा चिकटपणा नसलेल्या धान्याची भाकरी करणं त्याहून अवघड. आशियातल्या कष्टकरी घरांनी ते पाणी आणि वाफेच्या जोरावर साधलं, याचं मला फार अप्रूप आहे. भाकरी करता करता कळलेल्या काही गोष्टी सांगते.

1. दळण थोडंच टाकावं. महिनाभर डब्यात राहिलेल्या पिठाची विरी जाते. थापताना कडा फाटतात, उचलताना भाकरी तुटते. ज्वारी घेताना रब्बीची घ्यावी. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी 35-1 किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती मिळाली तर दुसरीकडं बघू नये. पावसात काळा पडलेला खरिपाचा दाणा स्वस्त मिळतो, पण भाकरी कडवट लागते.

2. सगळी किमया आधणाची. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. तिला धरून ठेवतो तो तिचा स्टार्च, आणि तो साधारण 70 अंशांच्या पुढं गेल्यावरच फुलून चिकट होतो. म्हणून पिठात खळगा करून खळखळ उकळलेलं पाणी ओतायचं, उलथण्याच्या टोकानं कालवायचं आणि झाकून ठेवायचं. हाताला सोसवेल इतकं निवलं की एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या टाचेनं रगडायचा, अगदी लोण्यासारखा होईपर्यंत. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी आली, तेव्हा सासूबाईंनी याच उकडीवर घरादाराचं पोट भरलं. चीनमध्ये पातीच्या कांद्याची पदरी रोटी करतात, तिची कणीकही गरम पाण्यात भिजवतात. तिथं कारण उलटं: गव्हाचा ताण कमी व्हावा आणि रोटी मऊ राहावी. तैवान-जपानकडच्या मऊ पावातसुद्धा थोडं पीठ आधी पाण्यात शिजवून घालतात. आमच्या बायकांना ही युक्ती कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती.

3. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर ओला हात फिरवायचा आणि पाणी सुकत आलं की लगेच उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात आणि वाफ तिथूनच निसटते. दुसरी बाजू नीट भाजून झाल्यावर पहिली निखाऱ्याकडं धरायची. पापुद्रा सुटून भाकरी टम्म होते.

4. वाफेलाही वाट हवी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे. उंडा म्हणजे पिठाचा वाफवलेला गोळा. मोठा वळला तर पोटात कच्चा राहतो. उत्तर चीनमधल्या गरीब घरांत मका, राळा अशा भरड धान्याच्या पिठाचा वोवोतोऊ करत आले आहेत: वर निमुळता, खालून बोटानं पोकळ केलेला, म्हणजे वाफ आतपर्यंत जाते. हे कळल्यापासून मीही उंड्याला अंगठ्यानं खळगा पाडते. मधोमध शिजतो.

5. तंदुरात ज्वारी लावू नये. सप्टेंबर 1948 पर्यंत नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळं नान इथं कुणाला परका नाही. मैद्याचं पीठ आंबवून, ताणून तंदुराच्या तापलेल्या भिंतीला थापायचं आणि त्यानं तिथं धरून राहायचं, हे ग्लुटेनचं काम, ज्वारीचं नव्हे. शिनजियांगमधले उइघूर लोकही असाच नान भाजतात, आणि नावही तेच. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरातला गव्हाचा फुलका मात्र तव्यावरचा. तो पंगतीत बसून खावा, त्याची गोडी वेगळीच.

6. शिळी भाकरी टाकू नये. रात्रीची भाकरी सकाळी हातानं बारीक कुस्करायची. तेलात मोहरी, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे परतायचे, हळद-मीठ घालून कुस्करा टाकायचा, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. एप्रिल-मे महिन्यात मात्र चूल पेटवायचीच नाही. ताकात चुरायची, वर मीठ आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.