नियम आणि नीती

लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकास, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून, बालाघाटाच्या डोंगराळ मुलखात जळकोट वसले आहे. या मुलखातील जत्रा कुस्त्यांवाचून पुरी होत नाही. देवाची पालखी निघते, नैवेद्य होतो आणि मग हलगीच्या कडकडाटात सारा गाव आखाड्याकडे लोटतो. प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या आणि सर्वांत शेवटी मानाची कुस्ती. मार्गशीर्ष महिन्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथील कुस्त्यांची दंगल पाहण्यासही दूरदूरचे लोक येतात. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार हे १९६९ साली लातूर येथे झालेल्या स्पर्धेत ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. अशा मल्लांच्या कीर्तीमुळे येथील खेड्याखेड्यांतून तालमींची ओढ टिकून राहिली.

आखाड्यात उतरणारा मल्ल प्रथम वाकून मातीला हात लावतो, ती माती कपाळी लावतो आणि मग प्रतिस्पर्ध्याच्या हातात हात देतो. हीच सलामी होय. तिचा अर्थ कोणी बोलून दाखवीत नाही, पण तो सर्वांना ठाऊक असतो. आपण दोघे एकाच मातीचे आहोत. लढू ते बळाने आणि डावाने, कपटाने नव्हे. कुस्तीचा हा पहिला नियम कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो.

मातीतल्या कुस्तीचा दुसरा नियमही असाच सुटसुटीत आहे. ज्याची पाठ मातीला लागली, तो हरला. तेथे गुणांची मोजदाद नसते. चितपट कुस्ती लहान मुलालाही दिसते आणि आजोबांनाही कळते. परंतु इतक्या साध्या नियमालाही पळवाट असतेच. दुबळा मल्ल कधी कधी डाव न करता पोटावर पालथा पडतो आणि मातीला घट्ट चिकटून राहतो. पाठ आभाळाकडे असेपर्यंत त्याची हार होत नाही. वरचा मल्ल सवारी भरतो, मान दाबतो, उलटवू पाहतो आणि अखेर घामाघूम होतो. वेळ जातो, दिवस कलतो. निरुपायाने पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांना निम्मे निम्मे मिळते.

त्या पालथ्या पडलेल्या मल्लाने कोणता नियम मोडला? एकही नाही. तरीही भोवतालचे लोक त्याची हुर्यो करतात. त्याचा वस्ताद मान खाली घालतो. पुढल्या जत्रेत त्याच्याशी जोड लावण्यास कोणी उत्सुक नसते. तो नियमाप्रमाणे वागला, पण कुस्ती मात्र खेळला नाही, हे लोकांनी ओळखलेले असते.

येथे तीन गोष्टींतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिली गोष्ट नियम मोडणे. प्रतिस्पर्ध्याची बोटे मुरगाळणे किंवा इनाम वाटून घेण्याच्या बोलीने खोटी, म्हणजे नुरा कुस्ती करणे, ही सरळ सरळ लबाडी आहे. तिला शिक्षा असते आणि तिच्याविषयी कोणाचे दुमत नसते. दुसरी गोष्ट नियमाचा आधार घेणे. नियमाने दिलेला हक्क मागण्यात काहीही कमीपणा नाही. तिसरी गोष्ट नियमाची पळवाट काढणे. येथे नियमाचे अक्षर पाळले जाते, परंतु तो नियम ज्या हेतूने केला, तो हेतू पायदळी तुडवला जातो. या तिसऱ्या गोष्टीची पारख सर्वांत अवघड असते, कारण येथे अपराध्याच्या हातातही नियमांचेच पुस्तक असते.

शाळांच्या स्पर्धांत जळकोटची मुले-मुली उतरतात, तेव्हा त्यांना मातीऐवजी गादीवर लढावे लागते. गादीवरच्या कुस्तीला वेळेचे बंधन असते. पाठ टेकली तर कुस्ती तेथेच संपते. पण ती टेकली नाही, तरी प्रत्येक यशस्वी डावाला गुण मिळतात आणि वेळ संपताच ज्याचे गुण अधिक तो जिंकतो. घड्याळ आणि गुण आले, तसा हिशेबही आला. एखादा मल्ल आरंभी एक गुण मिळवतो आणि पुढे लढायचेच सोडून देतो. तो मागे मागे सरकतो, कडेला जातो, प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरून वेळ मारून नेतो, किंवा दुखापतीचे निमित्त करून दम खातो. त्याला जिंकायचे असते, लढायचे नसते.

या वेळकाढूपणाला आळा घालण्यासाठी नवे नियम झाले. वर्तुळाबाहेर पाऊल गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. जो मल्ल डावच करीत नाही, त्याला पंच ताकीद देतात. तरीही तो निष्क्रिय राहिला, तर त्याला ३० सेकंदांची मुदत दिली जाते. तेवढ्या वेळात त्याने गुण मिळवला नाही, तर तो गुण प्रतिस्पर्ध्याच्या पदरात पडतो. पूर्वी जे काम वस्तादाच्या एका कटाक्षाने होत असे, त्यासाठी आता कलमे, शिट्टी आणि घड्याळ लागते. प्रत्येक पळवाटेमागून एक नवे कलम येते आणि नियमांचे पुस्तक जाड होत जाते.

कधी कधी तर पळवाट बुजवण्यासाठी केलेला नियमच नवी पळवाट उघडतो. याचे एक बोलके उदाहरण जागतिक कुस्तीत घडले. २००५ सालापासून कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत विभागली गेली. दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरे. मुक्त शैलीच्या कुस्तीत एखाद्या फेरीत दोघांनाही गुण मिळाला नाही, तर पिशवीतून एक रंगीत चेंडू काढीत. ज्याच्या रंगाचा चेंडू निघे, त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय हाती धरून डाव सुरू करण्याची संधी मिळे. पाय आधीच हाती आलेला असल्याने बहुधा तोच गुण मिळवी. फेरी निकाली व्हावी हा या नियमाचा हेतू होता. परंतु दुबळ्या मल्लाने त्यातून निराळाच धडा घेतला. दोन मिनिटे कसेबसे निभावून न्यावे आणि पुढचे दैवावर सोडावे, हा त्याला सोयीचा मार्ग वाटू लागला. वर्षानुवर्षांची मेहनत एका चेंडूच्या रंगावर येऊन ठेपली. प्रेक्षकांना निकालाचे कारण कळेना आणि खेळाची गोडी उतरू लागली.

१२ फेब्रुवारी २०१३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० सालापासून कुस्तीला ऑलिंपिकच्या मुख्य खेळांतून वगळावे, अशी शिफारस केली. ग्रीस देशातील प्राचीन ऑलिंपिकपासून चालत आलेल्या खेळावर ही पाळी आली! कारणे अनेक होती. परंतु न समजणारे नियम आणि मंदावलेला खेळ ही त्यांतली मोठी कारणे होत. तेव्हा जगभरच्या मल्लांचे डोळे उघडले. त्याच वर्षी चेंडूची पिशवी हद्दपार झाली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि दोहोंतील गुणांची एकत्र बेरीज, अशी पद्धत आली. निष्क्रिय मल्लाला शिक्षा कडक झाली. ८ सप्टेंबर २०१३ रोजी ब्वेनोस आयरेस येथे झालेल्या मतदानात कुस्तीला ऑलिंपिकमधील स्थान परत मिळाले. थोडक्यात, पळवाटांनी एकेक कुस्ती जिंकता येत होती. पण त्याच वेळी कुस्तीचा खेळच हातचा जाऊ लागला होता.

हा अनुभव केवळ कुस्तीचा नाही. ब्राझीलमध्ये ‘जिउ-जित्सू’ नावाची एक झोंबीची विद्या वाढली. मित्सुयो माएदा हा जपानी मल्ल १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचला आणि त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने ही विद्या उचलली. आपल्या कुस्तीत पाठ टेकणे म्हणजे हार. तेथे मात्र पाठीवर पडून पायांनी प्रतिस्पर्ध्याला जखडणे हाच एक मोठा डाव समजतात. सांध्याला किंवा गळ्याला पेच बसला, की अडकलेला खेळाडू हाताने थाप मारून हार कबूल करतो आणि वरचा खेळाडू तत्क्षणी पकड सोडतो. एकाचा हात मोडण्याच्या बेतात असतो आणि दुसरा एका थापेसरशी त्याला सोडून देतो. हा सगळा खेळ परस्परांवरील विश्वासावर उभा आहे.

तरीही त्या विद्येच्या स्पर्धांत तीच व्याधी शिरली. खालची बाजू सोयीची म्हणून कधी कधी दोन्ही खेळाडू एकदमच गादीवर बसतात आणि कोणीच उठेना असे होते. मग २० सेकंदांनंतर पंचांनी दोघांनाही दोष द्यावा, असा नियम करावा लागला. अल्पशी आघाडी मिळताच प्रतिस्पर्ध्याला नुसते कवटाळून बसणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने वाढणारी शिक्षा ठरली. चूक वारंवार झाली, तर खेळाडू बाद होतो. पेचातून सुटण्यासाठी गादीबाहेर पळणाऱ्यालाही बाद करतात. देश वेगळा, डाव वेगळे. पण माणसाचा मोह तोच आणि त्यावरचे औषधही तेच.

मग खेळाडूने नियमांचे नावच काढू नये काय? तसे मुळीच नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांचे चरित्र या बाबतीत फार बोधप्रद आहे. लाल मातीत वाढलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर लढले आणि सहावे आले. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी निवड होत असताना आपल्याला गुण देण्यात अन्याय झाला, असे त्यांना वाटले. त्यांनी पंचांवर हात उगारला नाही, की रुसून घरी बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून आपले म्हणणे आखाड्यातच सिद्ध केले. हा नियमाचा आधार होता; पळवाट नव्हे. पळवाट काढणारा कुस्ती टाळण्यासाठी नियम शोधतो. खाशाबांनी कुस्ती मिळावी म्हणून नियम शोधला.

प्रवासाचा खर्च मोठा होता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. खाशाबा फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे पोहोचले. तेथे जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज झाली. तीत ते हरले. ती संपते न संपते, तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्ह याच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. परंतु तो नियम पुढे मांडण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच गादीवर उतरले आणि हरले. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. मायदेशी परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.

या प्रसंगातून नियमाचे खरे स्वरूप उमगते. नियम हा दुबळ्याचा, एकट्याचा आणि थकलेल्याचा कैवारी असतो. त्या दिवशी तो पाळला गेला असता, तर कोणाच्याही पराक्रमाला उणेपणा आला नसता. उलट दोन ताज्या दमाच्या मल्लांची झुंज जगाला दिसली असती. ज्या नियमामुळे खेळ अधिक खरा होतो, तो नियम आग्रहाने मागावा. ज्याचा उपयोग केल्याने खेळ खोटा ठरतो, तो उपयोग हाताशी असूनही टाळावा. ही कसोटी साधी आहे आणि आखाड्यातल्या कोणालाही ती लावता येते.

दाद मागण्याचीही एक रीत असते. २०२५ साली अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालांवरून वाद पेटला, पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत मजल गेली आणि दोन नामांकित मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निकाल कितीही खटकणारा असो, त्यावर दाद मागण्याचा मार्ग मोकळा असतो. पण पंचावर हात किंवा पाय उगारला, की न्याय मागणाराच अपराधी ठरतो. ज्या मल्लाची बाजू खरी असेल, त्याने तर आपला तोल अधिकच जपला पाहिजे.

पंच खेळाडूचे हात पाहतो, पाय पाहतो आणि घड्याळ पाहतो. त्याचे मन मात्र त्याला दिसत नाही. एखादा मल्ल खरोखर दमून थांबला की वेळ काढण्यासाठी थांबला, हे निश्चितपणे एकालाच ठाऊक असते आणि तो म्हणजे स्वतः मल्ल. म्हणून नियमांचे पुस्तक कितीही जाड झाले, तरी त्यातले एक पान नेहमी कोरेच राहते. ते पान खेळाडूने आपल्या वागणुकीने लिहायचे असते. जेथे नियमाची हद्द संपते, तेथूनच नीतीची हद्द सुरू होते. आणि त्या हद्दीत जो सरळ वागतो, त्याची पाठ एखादे वेळी मातीला लागली, तरी मान खाली जात नाही.