रक्तप्रवाहातील प्रवासी

इ. स. १८३४ साली इंग्लंडमधील टॉमस डेव्हिस या डॉक्टरांनी एक विलक्षण हकीकत प्रसिद्ध केली. दहा वर्षांच्या एका मुलाने घरच्या घरी बंदूक तयार करून बार उडविला. त्यासरशी बंदुकीच्या लाकडाचा एक तुकडा त्याच्या छातीत घुसला. काही आठवड्यांनी मुलगा दगावला. शवपरीक्षेत तो तुकडा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सापडला. पण तो आत शिरल्याची खूण हृदयावर कोठेच नव्हती! तुकडा नीलेत शिरून रक्ताबरोबर वाहत आला असावा, असे अनुमान डेव्हिस यांनी काढले.

हे कसे घडते? रक्त शरीरात सतत फिरत असते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सिद्ध केले होते. नीला रक्त हृदयाकडे आणतात. ओढे नदीला मिळावेत, तशा त्या हृदयाकडे जाताना रुंद होत जातात. म्हणून नीलेत शिरलेला छर्रा अडथळ्यावाचून हृदयात पोचतो आणि कधी तेथून पुढे फुप्फुसात जाऊन अडकतो. रोहिण्यांचे याच्या उलट असते. त्या हृदयापासून दूर जाताना अरुंद होतात. त्यांतून वाहणारा छर्रा हाताच्या, पायाच्या किंवा मेंदूच्या रोहिणीत अडकतो व पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो.

अशा वस्तू हृदयातून काढणे पूर्वी अशक्यप्राय वाटे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शस्त्रवैद्य ड्वाइट हार्केन यांनी इंग्लंडमध्ये जखमी सैनिकांच्या हृदयातून व त्याच्या आसपासच्या भागातून १३४ तुकडे काढले. त्यांपैकी १३ हृदयाच्या कप्प्यांतच होते. हृदय धडधडत असतानाच ही शस्त्रक्रिया करावी लागे. तरी एकही सैनिक दगावला नाही.

गोळी शिरल्याची जखम आहे, बाहेर पडल्याची नाही आणि क्ष-किरण चित्रात ती जखमेजवळही दिसत नाही, अशा वेळी डॉक्टर दूरच्या अवयवांतही तिचा शोध घेतात. शस्त्रक्रियेपूर्वी पुन्हा चित्र घेतात; कारण हा प्रवासी मध्यंतरी जागा बदलू शकतो.

म्हणून लहानशा दिसणाऱ्या खोल जखमेचीही उपेक्षा करू नये. रुतलेली वस्तू स्वतः उपटू नये. तिनेच फाटलेल्या रक्तवाहिनीचे तोंड बुजवलेले असू शकते. ती हलणार नाही असा भोवती कापडाचा आधार द्यावा व जखमी माणसास त्वरित रुग्णालयात न्यावे.

स्वाध्याय
१. लाकडाचा तुकडा रक्ताबरोबर वाहत आला, असे डेव्हिस यांना का वाटले?
२. नीलेतील व रोहिणीतील छर्र्यांचे मार्ग भिन्न का असतात?
३. रुतलेली वस्तू उपटणे धोक्याचे का आहे?