लॅपटॉपला ताप येतो तेव्हा

आमच्या घरातील लॅपटॉपला मे २०२४ मध्ये ताप आला. त्या महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता आणि उन्हापायी जमावबंदीचा आदेश निघाला होता. माणसांनाच जिथे सोसवत नाही तिथे यंत्राचे काय, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. परंतु पाऊस सुरू झाला तरी हा ताप काही उतरेना.

लॅपटॉप बाबांनी पतसंस्थेच्या कर्जातून घेतलेला. निमित्त माझ्या भूगोलाच्या प्रकल्पाचे, नकाशे काढण्याचे. रात्री मात्र तो धाकट्या भावाच्या ताब्यात असे, आणि खरे सांगायचे तर अधूनमधून माझ्याही. जीटीए ५ हा खेळ लावला की दहा मिनिटांत पंखा घोंगावू लागे, कीबोर्डचा वरचा भाग बोटांना चटका देई, पडद्यावरची मोटार अडखळत धावे, आणि अखेर पडदा काळा! एकदा या गडबडीत मोर्णा नदीच्या खोऱ्याचा माझा अर्धा नकाशाही गेला. दुकानात नेला तर उघडून न पाहताच उत्तर मिळाले : “मदरबोर्ड गेला. नऊ हजार लागतील.” कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी होते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी हे प्रकरण आपण समजून तरी घ्यावे, असे मी ठरवले.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तर आपण प्राकृतिक भूगोलातच शिकतो. लॅपटॉपच्या पोटात याहून निराळे काही घडत नाही.

लॅपटॉपमध्ये जाणारी वीज शेवटी जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. खेळ चालू असताना आमचा लॅपटॉप साधारण तेवढीच टाकतो, परंतु त्यातील बहुतेक उष्णता नखाएवढ्या दोन चिपांमधून निघते. ती तिथून हलली नाही तर चिप काही सेकंदांत निकामी होण्याच्या वाटेला लागेल. म्हणून चिपेवर तांब्याची पट्टी असते आणि दोहोंमध्ये एक लेप, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात. दोन्ही पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात. फटीतली हवा उष्णतेची वाईट वाहक, म्हणून ती जागा लेपाने भरायची.

पट्टीपासून पुढे एक चपटी तांब्याची नळी जाते. मला सर्वांत आवडली ती हीच. नळी भरीव नसते. तिच्यात अगदी कमी दाबाखाली थोडेसे पाणी कोंडलेले असते. चिपेजवळ ते पाणी उष्णता शोषून वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि आणलेली उष्णता सोडून देते. नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत फिरते. मोसमी ढग तयार होताना अप्रकट उष्मा मुक्त होतो, हे सरांनी दोनदा शिकवले तेव्हा माझ्या डोक्यात शिरले नव्हते. ते या बोटभर नळीने शिकवले. नळीच्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा बाहेर ढकलतो.

म्हणजे ही एक साखळी झाली : चिप, लेप, पट्टी, नळी, जाळी, हवा. एक कडी तुटली की बाकीच्या कितीही मजबूत असोत, उपयोग नाही. भावाने मात्र थेट शेवटाला हात घातला. “ताई, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून बघू का?” थंडगार लॅपटॉप आषाढाच्या दमट हवेत बाहेर काढला की त्याच्या आत दव धरणार, हे त्याला पटवायला पाण्याचा थंड तांब्या समोर ठेवावा लागला.

मी आधी मोजमाप केले. तापमान दाखवणारा एक मोफत प्रोग्राम मिळतो, तो चालू ठेवून खेळ लावला. खोली ३० अंश, चिप ९७. चिप इतकी तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. मोटार अडखळत होती ती त्यामुळे. त्यानेही भागले नाही की यंत्र बंद पडते. एकूण काय, मदरबोर्ड मेला नव्हता. तो जीव वाचवत होता!

वॉरंटी संपलेली होती (ज्यांची चालू असेल त्यांनी आधी तिचा कागद वाचावा). आयटीआयमध्ये शिकलेल्या शेजारच्या दादांनी बॅटरीची जोडणी काढून यंत्र उघडले. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये करड्या रंगाचा, नमद्यासारखा जाड थर बसला होता. दादांनी तो चिमट्याने अखंड उचलला. त्यात धूळ होती, पण निम्मा कापूस होता. बाबा जिनिंगमध्ये कारकून आहेत. घरी आले की बाजेवर टेकतात, आणि त्याच बाजेवर, गोधडीवर, लॅपटॉप चालायचा. हवा आत घेण्याची छिद्रे खालच्या बाजूला असतात, हे आम्हाला कुठे ठाऊक होते? बाबांनी तो थर हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. बोलले काही नाहीत.

जुना लेप वाळून खपलीसारखा झाला होता. तो पुसून नवा वाटाण्याएवढा लावला. ब्रशने जाळी साफ करताना दादांनी पंखा बोटाने धरून ठेवला होता. तो वाऱ्याने भरधाव फिरला तर बिघडू शकतो.

खोली तीच, खेळ तोच. चिप ८२.

पुढचे दोन उपाय फुकटचे. आमचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवू शकतो, पण खेळ ९० तयार करीत होता. वरची ३० वाया. खेळाला ६०ची मर्यादा घातली. दुसरे, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली. एका टक्क्याने काय होणार, असे वाटेल. पण त्यामुळे चिपेची जादा वेगाची धाव, म्हणजे टर्बो, बंद होते आणि व्होल्टेजही उतरते. खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले तर वीज १०० ऐवजी ८१च लागते, वेग घटल्याची बचत निराळी. मागच्या कडेखाली दोन खोडरबर ठेवून हवेला वाटही करून दिली. चिप ७१ वर आली. भावाला पंख्यांचे स्टँड हवे होते, तो बेत तूर्त बारगळला.

मात्र ७१ हा आकडा खोली ३० अंश असतानाचा. खरे पाहायचे ते खोलीपेक्षा चिप किती वर आहे, म्हणजे ४१ अंश. मे महिन्यात आमची खोली ४० होते, तेव्हा चिप ८१च्या आसपास जाईल. भावाने ही बेरीज कॅलेंडरच्या मे महिन्याच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे आणि खेळाची वेळ पहाटे पाचची धरली आहे. लॅपटॉप आता टेबलावर असतो. बाबा जिनिंगमधून आले की आधी अंगणात शर्ट झटकतात, मग घरात येतात.